ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमवर इन्हिबिटरची टक्केवारी काढायची की नाही?

धातुवेडी:

नमस्कार मंडळी. विषय थोडा किचकट आहे, पण इथे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत हात काळे केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

पीएचडीसाठी २०२४ या तांबंवाल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १५ व्होल्टला ॲनोडाइझ केलेत, म्हणजे विजेने त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढवलाय. थर साधारण ८ मायक्रॉन, सील केलेला नाही, म्हणजे त्याची बारीक छिद्रं बुजवलेली नाहीत. तुलनेला १०५०, म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, अगदी तसंच ॲनोडाइझ करून. द्रावण ०.१ मोलर सोडियम क्लोराइडचं आणि त्यात ०.०१ मोलर इन्हिबिटर (क्षरण म्हणजे गंजणं रोखणारं रसायन): सेरियम नायट्रेट, सोडियम मॉलिब्डेट, सोडियम फॉस्फेट आणि बेंझोट्रायझोल, एकेक वेगवेगळं.

तासभर ओसीपी (बाहेरून वीज न देता धातूचं पोटेन्शियल) बघते, मग पोलरायझेशन, म्हणजे पोटेन्शियल सेकंदाला १ मिलिव्होल्टने सरकवत प्रवाह मोजणं. वक्राच्या सरळ भागांवर टाफेलच्या रेषा मारून आयकॉर (क्षरणाचा प्रवाह) आणि इन्हिबिटरने तो किती घटला त्यावरून टक्के. २०२४ वर सेरियम ८५ टक्के, बेंझोट्रायझोल ७० च्या आसपास, मॉलिब्डेट ६०, फॉस्फेट चक्क उणे. १०५० वर मात्र सावळागोंधळ आहे. ब्लँकला (इन्हिबिटर नसलेलं द्रावण) चौरस सेंटिमीटरमागे २ नॅनोॲम्पिअर, आणि सेरियममध्ये एका नमुन्याला ०.६ तर शेजारच्याला ३.

इम्पीडन्सने (वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीच्या एसी प्रवाहाला होणारा रोध) क्रमवारीच उलटवली. पहिल्या तासाला बेंझोट्रायझोल पुढे, आठवड्याने सेरियम पुढे. कहर म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवलेला १०५० चा नमुनासुद्धा आठवड्याने पहिल्या दिवसापेक्षा बरा दिसतो. दोन आरसीचं (रोध-कपॅसिटरच्या जोड्यांचं) सर्किट बसवलं तर सच्छिद्र थराच्या रोधापुढे सॉफ्टवेअर ३०० टक्के त्रुटी दाखवतं.

गाइड म्हणतात एकच तक्ता कर, एकच आकडा दे, कोणता इन्हिबिटर चांगला ते एका ओळीत सांग. कोणता आकडा खरा धरू?


टाकीवाला:

मी ॲनोडायझिंगच्या टाकीवरचा माणूस, तुमचं सर्किट वगैरे मला कळत नाही. पण नमुन्याबद्दल तीन गोष्टी विचारतो.

एक, ॲसिडमधून काढल्यावर धुणं किती झालं? न सील केलेल्या थराच्या छिद्रांत ॲसिड अडकून बसतं. वरवर पाणी मारून वाळवलं तर ते नंतर झिरपत राहतं आणि तुमच्या सेलचा पीएच बिघडवतं. दोन, विजेचं कनेक्शन कुठे घेतलंत? हा थर विजेला दाद देत नाही, त्यावरच मगरक्लिप लावली तर रीडिंग क्लिपच्या दातांवर अवलंबून. मागच्या बाजूला कानशीने खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे. तीन, नमुने टाकीतून निघाल्यावर किती दिवस पडून होते? आज केलेला आणि महिनाभर कपाटात पडलेला हे दोन वेगळे नमुने समजा, उघडा थर हवेतलं बाष्प पीत बसतो.

आणि जिग (टाकीत पत्रा धरणारी पकड) जिथे पकडतो तिथे थर नसतोच. ती जागा चाचणीच्या वर्तुळात आली तर सगळं मुसळ केरात.


छिद्रान्वेषी:

टाकीवाल्यांचे तिन्ही प्रश्न आधी निकालात काढा, ते माझ्या सगळ्या गणिताच्या आधी येतात. पुढे माझं मत: टक्क्यांचा तक्ता करूच नका.

टक्केवारीची ही रीत आली आम्लात बुडवलेल्या उघड्या पोलादावरून. तिथे पृष्ठभाग सगळीकडून सारखा खाल्ला जातो, प्रवाह भरघोस असतो, टाफेलची सरळ रेषा डोळ्यांनी दिसते. तुमच्या नमुन्यावर यातलं एकही खरं नाही. ९९ टक्क्यांहून जास्त जागेवर ऑक्साइडचा थर आहे आणि तिथे काहीच घडत नाही. जे काय घडतंय ते थराच्या दोषांमध्ये. छत्री धड आहे, दोनचार भोकांतून पाणी गळतंय, आणि आपण ते पाणी अख्ख्या छत्रीच्या क्षेत्रफळाने भागून ‘चौरस सेंटिमीटरमागे इतकं’ असं सांगतोय. एका नमुन्याला भोकं दोन, दुसऱ्याला सात. १०५० वर ०.६ आणि ३ येतात ते त्यामुळे.

आता तुमच्या नॅनोॲम्पिअरकडे बघू. १५ व्होल्टला छिद्रांच्या तळाशी असलेला अखंड, बिनछिद्राचा बॅरिअर थर अंदाजे १५ नॅनोमीटर, व्होल्टमागे जवळपास एक. परावैद्युत स्थिरांक ९ धरा, धारकता निघते चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५ मायक्रोफॅरड. सेकंदाला १ मिलिव्होल्टने पोटेन्शियल ओढलं की हा कपॅसिटर भरण्यातच ०.५ नॅनोॲम्पिअर जातो. म्हणजे सेरियममधल्या त्या ०.६ पैकी बहुतेक भाग स्कॅनच्या वेगाचा आहे, क्षरणाचा नव्हे. प्रवाह शून्य होतो तो बिंदूही त्याने सरकतो. वेग ०.१६७ मिलिव्होल्टवर आणलात तर हा हिस्सा ०.०८ वर येईल. तरीसुद्धा त्यातून आयकॉर काढू नका, कारण पुढचं.

२०२४ हवा लागलेल्या मिठाच्या पाण्यात ठेवला की ओसीपी बहुतेक वेळा पिटिंग पोटेन्शियललाच (ज्याला धातूत खड्डे पडू लागतात) जाऊन टेकतं. तांबंवाल्या कणांवर ऑक्सिजन जोरात क्षपण पावतो आणि धातूला वर ढकलत नेतो, तो पिटिंग सुरू होईल तिथेच थांबतो. मग ॲनोडिक (धातू विरघळण्याच्या) बाजूला जरा सरकलं की वक्र उभा. त्या उभ्या भिंतीला रेषा टेकवून जो उतार मिळतो तो टाफेलचा उतार नाही. ॲनोडिक बाजू बघायचीच असेल तर नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढा, ओसीपी खाली जाईल, मधे निष्क्रिय पट्टा दिसेल, आणि पिटिंग पोटेन्शियल स्वच्छ वाचता येईल. इन्हिबिटरने ते किती वर नेलं ही एक खरी माहिती. कॅथोडिक (क्षपणाची) बाजू मात्र हवेतच करा, तिथे ऑक्सिजनच बघायचाय.

इम्पीडन्सचं कोडं त्यामानाने सरळ आहे. न सील केलेल्या थराच्या छिद्रांत खारं पाणी भरलेलं असतं, ते चांगलं वाहक. त्यामुळे ८ मायक्रॉनचा सच्छिद्र थर उपकरणाला दिसतच नाही, दिसतो फक्त तळाचा बॅरिअर. नसलेल्या वस्तूचा रोध सॉफ्टवेअरला विचारलात, त्याने ३०० टक्के त्रुटीचं उत्तर दिलं, प्रामाणिकच म्हणायचं ते. सुरुवातीला एकच आरसी बसवा, शुद्ध कपॅसिटरऐवजी सीपीई (आदर्श नसलेल्या कपॅसिटरसाठीचा घटक) घालून.

आठवड्याने ब्लँक सुधारतो त्याचं कारण आपोआप होणारं सीलिंग. साध्या उदासीन पाण्यातसुद्धा छिद्रांच्या भिंतींवरचं ॲल्युमिना हळूहळू जलयुक्त होतं, फुगतं, तोंडं अरुंद होतात. बोडे आलेखात (फ्रीक्वेन्सीनुसार इम्पीडन्स) मधल्या फ्रीक्वेन्सीला नवा उंचवटा उगवलेला दिसेल. तो उगवला की मग दुसरी आरसी लावायचा अधिकार. आणि याचा दुसरा अर्थ असा की ‘इन्हिबिटरमध्ये आठवड्याभरात इम्पीडन्स वाढला’ एवढ्यावरून इन्हिबिटरला श्रेय देता येत नाही. ब्लँक त्याच दिवशी, त्याच टाकीतून निघालेला, त्याच वयाचा हवा.

तुमच्या ‘सोडियम फॉस्फेट’च्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय? चारही द्रावणांचा पीएच मोजलाय का? मीटरवर, कागदावर नको.


धातुवेडी:

खूप आभार. टाकीवाले दादा, धुणं आता वाहत्या डिस्टिल्ड पाण्यात करते आहे, मागची बाजू खरवडलेली आहे, जिगची जागा वर्तुळाबाहेर. नमुने वेगवेगळ्या बॅचचे आहेत, तेवढं मात्र खरं.

बाटली ट्रायसोडियम फॉस्फेटची आहे. पीएच आत्ता मोजला: फॉस्फेट ११.८, सेरियम नायट्रेट ५ च्या आसपास, मॉलिब्डेट साडेसातच्या वर, बेंझोट्रायझोल ६ च्या खाली. ब्लँक ६.

तुमचं धारकतेचं गणित ताडून पाहिलं. १०५० वर ब्लँकमध्ये ०.५५ येते, मस्त जुळतंय. फॉस्फेटमध्ये मात्र पहिल्या मोजणीला ०.५ होती ती चार तासांत १.४ झाली. सीपीईमुळे असेल का?


छिद्रान्वेषी:

सीपीईचा काही दोष नाही, थर विरघळतोय. ॲल्युमिनाला पीएच ४ ते साधारण ९ एवढीच मोकळीक, त्यापलीकडे तो ॲल्युमिनेट होऊन निघून जातो. धारकता ०.५ ची १.४ झाली म्हणजे बॅरिअर १५ नॅनोमीटरचा ५ वर आला, तिसरा हिस्सा उरला. उणे टक्के फॉस्फेटचे नव्हेत, अल्कलीचे आहेत. फॉस्फेटला संधी द्यायची असेल तर मोनोसोडियम आणि डायसोडियम मिसळून पीएच ७ ला आणा आणि मग बोला.

हीच धारकता तुमच्या तक्त्यातला सगळ्यात भरवशाचा आकडा ठरेल. ती भोकांच्या संख्येवर फारशी अवलंबून नसते, अख्ख्या थराची जाडी सांगते. वाढत गेली तर थर पातळ होतोय, स्थिर राहिली तर थर शाबूत. थर शाबूत असताना कमी फ्रीक्वेन्सीचा रोध कोसळला तर पिट पडलाय. ही दोन वेगळी मरणं आहेत, टक्केवारीत ती एकाच रकान्यात पुरली जातात.

आता सेरियम. तुम्ही सेरियम नायट्रेट घातलंत आणि सगळं श्रेय सेरियमला दिलंत. नायट्रेट स्वतः ॲल्युमिनियमवरच्या पिटिंगला अडवतो, ही जुनी आणि पक्की गोष्ट आहे. ०.०१ मोलर सेरियम नायट्रेट म्हणजे ०.०३ मोलर नायट्रेट, समोर क्लोराइड फक्त ०.१. दुर्लक्ष करण्याजोगं प्रमाण नाही हे. ०.०३ मोलर सोडियम नायट्रेट घातलेला ब्लँक लावल्याशिवाय त्या ८५ ला अर्थ नाही. पीएचसुद्धा तोच, ५, ठेवा.

सेरियमचं खरं काम कुठे होतं ते बघा. तांबंवाल्या कणावर ऑक्सिजन क्षपण पावला की तिथे हायड्रॉक्साइड तयार होतो, कणाभोवतीचा पीएच चढतो, आणि सेरियमचा हायड्रॉक्साइड नेमका तिथेच बसतो. कण झाकला गेला की कॅथोड बंद. पुढे त्यातलं काही चारसंयुजी होतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली थराच्या करड्या पार्श्वभूमीवर पिवळसर ठिपके दिसतात, कणांच्या जागांवर. हा फोटो काढाच, दहा टक्केवाऱ्यांपेक्षा परीक्षकाला जास्त पटेल. पण १०५० मध्ये तांबं नाही, कॅथोड होऊ शकणारे लोहाचे कण थोडे, त्यातले बरेचसे थराखाली. सेरियमला बसायला जागाच नाही. तेव्हा १०५० वर परिणाम दिसत नाही हे तुमच्या प्रयोगाचं अपयश समजू नका, तेच तर निरीक्षण आहे. बेंझोट्रायझोलचंही तेच: तो तांब्याला चिकटतो, म्हणून २०२४ वर पहिल्याच तासात उठून दिसतो.

म्हणजे दोन मिश्रधातू शेजारी ठेवून तुमच्या हाती आपोआप एक चांगली मांडणी आलीय. मॉलिब्डेट दोन्हीवर थोडंथोडं आणि सेरियम फक्त २०२४ वर चालत असेल, तर कोण कुठे काम करतो हे वेगळं सांगायला नको. ‘कोणता चांगला’ या प्रश्नापेक्षा हे उत्तर मोठं आहे. गाइडना असं मांडून दाखवा, बहुतेक ऐकतील.


स्थिरबिंदू:

छिद्रान्वेषींना +१. इम्पीडन्सबद्दल माझी थोडी भर.

१० मिलिहर्ट्झला एका आवर्तनाला १०० सेकंद लागतात. २०२४ वर पहिल्या तासात पृष्ठभाग तेवढ्यात बदलतो, म्हणजे आलेखाचं एक टोक एका नमुन्याचं आणि दुसरं टोक दुसऱ्याच नमुन्याचं. क्रेमर्स-क्रोनिग चाचणी (मोजणी चालू असताना नमुना बदलला का ते दाखवणारी) लावा, जे बिंदू बसत नाहीत ते सर्किटमध्ये घालू नका.

पुढे सील केलेले नमुने घेणार असाल तर इम्पीडन्स चौरस सेंटिमीटरला दहा कोटी ओमच्या घरात जाईल. १० मिलिव्होल्टला प्रवाह ०.१ नॅनोॲम्पिअर. फॅरडे पिंजऱ्याशिवाय (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारी धातूची पेटी) तुम्ही खोलीतल्या वायरिंगचा स्पेक्ट्रम काढाल. आधी सेल न जोडता, टोकं उघडी ठेवून एक मोजणी घ्या, उपकरणाची मर्यादा कळते. क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर केलं तर प्रवाह दहापट होतो, सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि सेलच्या रबरी ओ-रिंगखाली बघत जा. सेल उघडल्यावर वर्तुळाच्या कडेला बारीक पांढरी रेघ, बोट लावलं तर बुळबुळीत, अशी दिसली तर क्षरण फटीत झालंय. तो नमुना तक्त्यात येत नाही.


टाकीवाला:

एक अवांतर. आमच्याकडे पूर्वी डायक्रोमेटचं सीलिंग असे, हिरवट-पिवळा रंग यायचा आणि सॉल्ट स्प्रेमध्ये (खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीत) नमुना हलायचा नाही. क्रोमिक ॲसिडचं ॲनोडायझिंग तर १९२३ पासूनचं. सहासंयुजी क्रोमियम कॅन्सर करतं म्हणून युरोपात सप्टेंबर २०१७ पासून अधिकृत मंजुरीशिवाय ते वापरता येत नाही, म्हणून ही सगळी सेरियम-मॉलिब्डेटची धावपळ. तुमच्या तक्त्यात क्रोमेटची एक ओळ असेल तर आमच्यासारख्यांना अंदाज येईल की नवीन माल जुन्याच्या किती जवळ आहे.

आणि फॉस्फेटचं पाणी सीलिंगच्या टाकीच्या आसपास फिरकू देऊ नका. उकळत्या पाण्यात थोडासा फॉस्फेट किंवा सिलिकेट गेला तरी सीलिंग बसत नाही.


नवखा_०७:

मधेच विचारतो, सेरियम कॅथोडवर आणि फॉस्फेट किंवा मॉलिब्डेट ॲनोडवर काम करतं, तर दोन्ही एकत्र घातले तर?


छिद्रान्वेषी:

बीकरमध्ये पांढरा गाळ. सेरियम फॉस्फेट जवळजवळ अविद्राव्य, सेरियम मॉलिब्डेटही फार वेगळा नाही. द्रावणात दोन्हीपैकी एकही उरणार नाही. एकामागोमाग एक बुडवणं हा वेगळा विषय, त्यात मधलं धुणं नीट हवं.

क्रोमेटची ओळ घालायची टाकीवाल्यांची सूचना मला पटली. संस्थेत परवानगी असेल तर धूरकपाटात, हातमोजे घालून, आणि टाकाऊ द्रावण वेगळ्या बाटलीत.


धातुवेडी:

सोडियम नायट्रेटचा ब्लँक लावला, पीएच ५ ला, दोन्ही मिश्रधातूंवर, सगळे नमुने एकाच बॅचचे. १०५० वर ऑक्सिजन काढून पिटिंग पोटेन्शियल पाहिलं तर सोडियम नायट्रेट आणि सेरियम नायट्रेट एकमेकांवर पडतात, फरक नमुन्या-नमुन्यातल्या फरकाएवढाच. नुसत्या मिठापेक्षा दोन्ही वर. २०२४ वर, हवेत, कॅथोडिक प्रवाह सेरियममध्ये स्पष्ट खाली येतो, सोडियम नायट्रेटमध्ये ब्लँकसारखाच राहतो. पिवळे ठिपकेही सापडले, फोटो चांगला आलाय.

टक्क्यांचा रकाना काढला. त्याजागी बॅरिअरची धारकता, १० मिलिहर्ट्झचा इम्पीडन्स वेळेनुसार, पिटिंग पोटेन्शियल आणि ओसीपीमधलं अंतर, प्रत्येक नमुन्याचा बिंदू वेगळा दाखवून. गाइडनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, मग नायट्रेट टाळून सेरियम क्लोराइडच का नाही घेत? काय सांगू?


छिद्रान्वेषी:

प्रश्न रास्त आहे, घ्या. फक्त ०.०१ मोलर सेरियम क्लोराइड स्वतःबरोबर ०.०३ मोलर क्लोराइड आणतं. मीठ ०.१ ऐवजी ०.०७ मोलर घाला म्हणजे एकूण क्लोराइड ब्लँकइतकंच राहील. वाहकता थोडी बदलेल, तेवढं द्रावणाच्या रोधात दिसेल आणि वजा होईल.

त्याच फेरीत काही नमुन्यांवर सुईने धातूपर्यंत एक ओरखडा काढा, लांबी सगळ्यांवर सारखी. थरातली नैसर्गिक भोकं किती हे तुमच्या हातात नाही, ओरखडा आहे. इन्हिबिटर उघड्या धातूला सांभाळतो का, हे त्या नमुन्यांवर पहिल्या दिवसापासून दिसायला लागेल. आणि रेफरन्स इलेक्ट्रोड कोणता ते आलेखाच्या अक्षावर लिहा, कॅलोमेल आणि संपृक्त सिल्व्हर क्लोराइड यांच्यात ४० मिलिव्होल्टहून थोडं जास्तच अंतर आहे, पिटिंग पोटेन्शियलची तुलना करताना तेवढ्यात निष्कर्ष फिरतो.